मालिका, गाणी, सिनेमे: समाज आधी बदलतो की हा धंदा?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. सिनेमा, मालिका, संगीत, पुस्तकं यांचा उद्योग समाजाला वळण लावतो, की समाज आधी वळतो आणि उद्योग मागून येतो? दुसरा भाग कामाचा आहे: एखाद्या संस्थेला मालिकेतून लोकांच्या वागण्यात बदल घडवायचा असेल, तर नेमकं काय करावं लागतं आणि अशी कामं कुठे फसतात?

पहिल्या प्रश्नाला ‘दोन्ही होतं’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण त्या उत्तराने कुणाचंच भागत नाही. कामाला येणारं उत्तर असं आहे. हा उद्योग समाजाकडे थेट पाहत नाही, तो आपल्या मोजपट्टीकडे पाहतो: खप, टीआरपी, तिकीटबारी, चार्ट. मोजपट्टीत जे येतात त्यांच्यातला बदल त्याला लगेच दिसतो. जे येत नाहीत ते कितीही बदलले तरी त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. आणि उलट दिशेने पाहिलं, तर हा उद्योग माणसाचं स्वतःचं मत फारसं बदलत नाही. ‘आपल्यासारखी बाकीची माणसं काय करतात, कशाला योग्य म्हणतात’ याबद्दलचा त्याचा अंदाज मात्र तो बदलतो, आणि वागणं बऱ्याचदा त्या अंदाजावर चालतं. या दोन गोष्टी हाताशी ठेवल्या की बहुतेक उदाहरणं उलगडत जातात.

मोजपट्टीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकातल्या अल्बम चार्टचं. १९९१ पर्यंत तो दुकानदारांना विचारून बनायचा. दर आठवड्याला दुकानांकडे चौकशी व्हायची आणि तिथला माणूस कोणते अल्बम जोरात चाललेत ते सांगायचा. किती नग विकले गेले हा आकडा त्यात नसायचा, फक्त क्रम असायचा. तोही सांगणाऱ्याच्या आठवणीवर, त्याच्या आवडीवर आणि कोणता माल खपेल या त्याच्या अपेक्षेवर बेतलेला. २५ मे १९९१ च्या चार्टपासून साउंडस्कॅनचे आकडे आले. काउंटरवर बारकोड स्कॅन झाला की एक विक्री, एवढाच हिशोब. श्रोत्यांची आवड त्या एका आठवड्यात बदललेली नव्हती, पण चार्टचा चेहरा बदलला. कंट्री आणि रॅप, म्हणजे ज्यांना शहरी रॉकच्या तुलनेत किरकोळ समजलं जायचं ते दोन प्रकार वर चढले. जूनमध्ये एन. डब्ल्यू. ए. या रॅप गटाचा अल्बम थेट दुसऱ्या क्रमांकावर आला आणि पुढच्या आठवड्यात पहिला झाला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्सचा कंट्री अल्बम पहिल्याच आठवड्यात अव्वल आला.

पुढचं चक्र जास्त महत्त्वाचं आहे. चार्टवर दिसलं की कंपनी त्या प्रकारात पैसे घालते, रेडिओ वेळ देतो, दुकानदार दर्शनी भागात जागा देतो. मग ज्यांनी तो प्रकार कधी ऐकलाच नसता त्यांच्या कानावरही तो पडतो. समाजात आधीच असलेली गोष्ट उद्योगाला उशिरा दिसली, आणि दिसल्यावर त्याने ती आणखी पसरवली. ‘आधी कोण’ या वादाचं उत्तर बऱ्याच वेळा या चक्रात कुठे बोट ठेवलं यावर ठरतं.

त्याच्याही आधीची गोष्ट. १९२० पर्यंत अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांचा पक्का समज होता की कृष्णवर्णीय ग्राहक रेकॉर्ड विकत घेणार नाही. ऑगस्ट १९२० मध्ये ‘ओके’ कंपनीने मेमी स्मिथ यांचं ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित केलं, ते धडाक्यात खपलं, आणि काही वर्षांतच इतर कंपन्यांनीही ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाच्या वेगळ्या याद्या काढल्या. ग्राहक मान्य झाला, पण वेगळ्या कप्प्यात बसवून. १९४९ मध्ये बिलबोर्डने आपल्या ‘रेस रेकॉर्ड्स’ चार्टचं नाव ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. ते नाव तेव्हा तिथे बातमीदार असलेल्या जेरी वेक्सलर यांचं. वंशाच्या नावाचा कप्पा जाऊन संगीताच्या नावाचा कप्पा आला, आणि संगीताच्या नावाने मागायची वस्तू कुणालाही मागता येते. कप्प्यांची नावं ही क्षुल्लक बाब समजू नका. दुकानाच्या फळीवरचं आणि ॲपच्या मेनूमधलं नाव कुणाला काय दाखवायचं ते ठरवत असतं.

आजची मोजपट्टी वेगळी, तर्क तोच. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ‘वाजलं’ असं धरलं जातं. मग लांब प्रस्तावना परवडत नाही, सूर लवकर पकडावा लागतो आणि ध्रुवपद पुढे सरकतं. यात समाजाची आवड किती आणि मोजण्याची रीत किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘तरुण पिढीचा धीर संपला’ असलं विधान करू नये.

म्हणून एखाद्या कलाकृतीवरून समाजाबद्दल निष्कर्ष काढण्याआधी चार गोष्टी तपासा. पैसे कोण देतं? जाहिरातदारावर चालणारी वाहिनी कुणालाही न दुखावण्याकडे झुकते. वर्गणीवर चालणाऱ्या मंचाला थोडे पण घट्ट बांधलेले प्रेक्षक पुरतात, त्यामुळे तो धाडस करू शकतो. तिकिटावरच्या सिनेमाला पहिले तीन दिवस जिंकावे लागतात. दुसरी गोष्ट, मोजलं कुणाला जातं आणि मोजमापाचं एकक काय: घर, माणूस, मिनिट की विक्री? घर हे एकक असेल, तर रिमोट ज्याच्या हातात त्याची आवड सगळ्या घराची म्हणून नोंदली जाते. तिसरी, दार कुणाच्या ताब्यात आहे, म्हणजे प्रेक्षकापर्यंत काय पोचू द्यायचं ते कोण ठरवतं? चौथी, तयार व्हायला वेळ किती लागतो? गाणं काही आठवड्यांत निघतं. दैनंदिन मालिकेचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, भागांची बँक (आधीच तयार करून ठेवलेले भाग) संपली की वळवता येतो, म्हणजे दोन-चार आठवडे. पुस्तकाला वर्ष-दीड वर्ष, सिनेमाला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणून एखाद्या आंदोलनानंतर सहा महिन्यांत त्या विषयावरचा सिनेमा आला, तर तो बहुधा आंदोलनाच्या आधीच लिहिलेला असतो. ‘आंदोलनाचा परिणाम’ म्हणून त्याचा दाखला देणं चूक.

दाराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे कारण आणि परिणाम यांची सगळ्यात जास्त गल्लत होते. हॉलिवूडची निर्मिती संहिता, म्हणजे हेज कोड, १९३० मध्ये स्वीकारली गेली आणि १९३४ च्या मध्यापासून कडकपणे राबवली गेली. संहितेप्रमाणे मंजुरीचा शिक्का न घेता चित्रपट प्रदर्शित केला तर २५,००० डॉलर दंड. पण खरी ताकद दंडात नव्हती. मोठे स्टुडिओच मोठ्या थिएटरांचे मालक होते, त्यामुळे शिक्का नसलेल्या चित्रपटाला दाखवायला पडदाच मिळत नसे. श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय यांच्यातले प्रेमसंबंध दाखवायला या संहितेत बंदी होती. ती १९५६ च्या दुरुस्तीत गेली आणि १९६८ च्या अखेरीस अख्खी संहिता जाऊन वयोगटाप्रमाणे वर्गवारी आली.

हे ‘समाज उदार झाला म्हणून’ झालं असं सर्रास लिहिलं जातं. समाज बदलत होता हे खरं, पण बिजागऱ्या दुसरीकडे निखळत होत्या. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओ आणि थिएटर यांची मालकी वेगळी करण्याचा मार्ग मोकळा झाला, त्यामुळे थिएटरवाल्याला शिक्का नसलेला चित्रपट लावता येऊ लागला. १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. १९१५ च्या निकालाने ते नाकारलं होतं. आणि टीव्हीने कौटुंबिक प्रेक्षक घरी बसवल्यावर सिनेमाला टीव्हीवर मिळणार नाही असं काहीतरी देणं भाग पडलं. आता तारखा शेजारी ठेवून पाहा: पडद्यावरची बंदी १९५६ मध्ये गेली, आणि आंतरवंशीय विवाहाला बंदी करणारे राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले १९६७ मध्ये. इथे उद्योग कायद्याच्या अकरा वर्षं पुढे होता. पण १९३४ ते १९५६ या काळात तोच उद्योग त्या भिंतीला विटा पुरवत होता. दोन्ही वेळी उद्योग तोच होता, फरक पडला तो मालकी आणि नियम बदलल्यामुळे.

दार उघडणं म्हणजे दर वेळी आशय बदलणं नव्हे, हेही लक्षात असू द्या. १९३५ मध्ये ॲलन लेन यांनी पेंग्विनची कागदी बांधणीची पुस्तकं सहा पेन्सला काढली. पहिल्या दहा पुस्तकांतला मजकूर नवा नव्हता, तीच पुस्तकं आधी कापडी बांधणीत निघालेली होती. नवी होती ती किंमत आणि विकण्याची जागा. वूलवर्थ या किरकोळ वस्तूंच्या दुकानसाखळीने ६३ हजारांहून जास्त प्रतींची मागणी नोंदवली आणि योजना तगली. पुस्तकांच्या दुकानात पाऊल न टाकणारा वाचक होताच, त्याच्या वाटेवर पुस्तक नव्हतं.

आता उलटी दिशा: उद्योग समाजाला घडवतो तो कसा?

ब्राझीलचा अभ्यास इथे सगळ्यात बोलका आहे. तिथे १९६० मध्ये दर स्त्रीमागे सहाहून अधिक मुलं होती, २००० पर्यंत हा आकडा २.३ च्या आसपास आला. या काळात ग्लोबो वाहिनीचं जाळं एकेका भागात वेगवेगळ्या वर्षी पोचत गेलं. ला फेरारा, चोंग आणि दुर्येआ या अर्थतज्ज्ञांनी १९६५ ते १९९९ मधल्या या वाहिनीच्या मालिका तपासल्या. पन्नाशीच्या आतल्या प्रमुख स्त्री पात्रांपैकी सुमारे ६२ टक्के पात्रांना मूलच नव्हतं आणि सुमारे २१ टक्के पात्रांना एकच होतं. जिथे ग्लोबोचं प्रक्षेपण पोचलं तिथे जन्मदर जास्त घटला, आणि गरीब घरांतल्या स्त्रियांमध्ये हा परिणाम अधिक होता. त्या भागात मुलांची नावंही मालिकांतल्या पात्रांवरून ठेवली जाण्याची शक्यता जास्त दिसली. लक्षात घ्या, यातल्या मालिका कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी काढलेल्या नव्हत्या. लहान कुटुंबाबद्दल भाषण नव्हतं. चारचौघांसारख्या दिसणाऱ्या, सुखवस्तू, पडद्यावर रोज भेटणाऱ्या घरांत मुलं थोडी होती, एवढंच.

मत आणि अंदाज यातला फरक रवांडात स्वच्छ दिसला. १९९४ च्या वंशसंहारानंतर, २००४ मध्ये तिथे ‘मुसेकेवेया’ ही हुतू आणि तुत्सी समाजांतल्या सलोख्यासाठीची रेडिओ मालिका सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पालक यांनी श्रोत्यांच्या काही गटांना वर्षभर ती ऐकवली आणि काही गटांना आरोग्यावरची दुसरी मालिका. सलोख्याची मालिका ऐकलेल्यांच्या स्वतःच्या समजुती फारशा हलल्या नाहीत. पण दोन समाजांतले विवाह, एकमेकांवरचा विश्वास, गटात उघड मतभेद बोलून दाखवणं, याबाबत ‘आपल्याकडे काय चालतं’ याची त्यांची कल्पना बदलली आणि त्यांचं वागणंही. याच देशात १९९३-९४ मध्ये आरटीएलएम या रेडिओ केंद्राने द्वेष आणि हिंसा ही रोजची, सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट असल्यासारखी ऐकवली होती. यंत्रणा एकच आहे. ती चांगल्याकडे आपोआप झुकत नाही.

या समजेतून निघणारा पहिला व्यावहारिक नियम: असामान्य म्हणून दाखवलेली गोष्ट असामान्यच राहते. समजा, जेवण झाल्यावर मुलगा उठतो आणि भांडी घासायला लागतो. लेखक उत्साहाने लिहितो: आई थबकते, डोळे भरून येतात, पार्श्वसंगीत चढतं, वडील म्हणतात, ‘मुलगा असावा तर असा!’ प्रेक्षकाने काय घेतलं? की मुलगा भांडी घासतो हा चमत्कार आहे. आता तेच दृश्य पुन्हा लिहा. मुलगा भांडी घासतोय, बहीण शेजारी उभी राहून परीक्षेच्या फॉर्मबद्दल भांडतेय, दृश्य पूर्णपणे फॉर्मबद्दल आहे, आणि तो मधेच म्हणतो, ‘सरक जरा, नळ सोड.’ भांड्यांबद्दल एक शब्द नाही. हे दृश्य दहा भागांत पाच वेळा, वेगवेगळ्या घरांत आलं की काम होतं. टाळ्यांचं दृश्य निर्मात्याला आवडतं, निधी देणाऱ्याला त्याहून आवडतं, पण त्याने उलटाच निरोप जातो.

याच पद्धतीचं मोठं काम १९८८ च्या अखेरीस हार्वर्डच्या जे विन्स्टन यांनी अमेरिकेत सुरू केलं. दारू प्यायला जाताना मित्रांपैकी एकाने न पिता गाडी चालवायची, ही स्कँडिनेव्हियातली कल्पना त्यांनी हॉलिवूडच्या लेखकांपुढे मांडली. त्यांनी पूर्ण भाग मागितले नाहीत, मागितली ती पाच-दहा सेकंदांची एखादी ओळ, नाहीतर मागच्या भिंतीवरचं पोस्टर. चार हंगामांत प्राइम टाइमच्या १६० हून अधिक भागांत ती कल्पना डोकावली, आणि १९९१ पर्यंत ‘डेझिग्नेटेड ड्रायव्हर’ हा त्यासाठीचा शब्दप्रयोग शब्दकोशात गेला.

आता मालिकाच काढायची असेल तर.

विषय ठरवू नका, कृती ठरवा. ‘स्त्री-सक्षमीकरण’ हा विषय झाला, त्यावर वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, लिहिता येत नाही. ‘शाळेतल्या मुलीचं लग्न ठरत असताना घरातल्या कुणीतरी एकाने थांबा म्हणायचं’ ही कृती झाली. कोण, कधी, कुणाला काय म्हणेल, हे एका वाक्यात येत नसेल तर अजून काम बाकी आहे.

मग लोकांशी बोला. सहा ते आठ जणांचे आठ-दहा गट, बायका-पुरुष वेगळे, तरुण-वयस्क वेगळे. उत्तरं तीच तीच यायला लागली की थांबा. सगळ्यात मोलाचे प्रश्न दोन. ‘तुमच्या ओळखीतल्या दहा घरांपैकी किती घरांत असं होतं?’ आणि ‘तुम्ही असं केलंत तर पहिलं कोण बोलेल?’ पहिल्या उत्तराची सर्वेक्षणातल्या खऱ्या आकड्याशी तुलना करा. खरंच दहापैकी सहा घरं ती गोष्ट करतात आणि लोकांना वाटतं दोनच करतात, तर तुमचं काम सोपं आहे: जे आहे ते दिसू द्या. खरोखर दोनच करत असतील, तर ‘बहुतेक लोक अजून करत नाहीत’ असं चुकूनही म्हणू नका. जनजागृतीच्या मजकुरात ही चूक सारखी सापडते, आणि ती न करणाऱ्यांना बहुमताचा आधार देते. तिथे ‘करणारे वाढताहेत’ हे दाखवा, एकेक घर मिळत जाणारं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा खलनायक. तो लेखकाच्या डोक्यातून येऊ नये.

पात्रांची रचना मेक्सिकोचे मालिका-निर्माते मिगेल साबिदो यांनी सत्तरच्या दशकात बसवली आणि ती अजून टिकून आहे. त्यांना धागा सापडला पेरूतल्या १९६९ च्या ‘सिंपलमेंते मारिया’ या मालिकेत: मोलकरीण मारिया शिवणकाम शिकून वर येते, आणि मालिका चालू असताना शिवणवर्गांना गर्दी होते, शिवणयंत्रांचा खप वाढतो. साबिदोंच्या रचनेत तीन प्रकारची पात्रं असतात. अपेक्षित वागणूक करणारं, तिच्या विरोधात असणारं, आणि मधलं, डळमळणारं. प्रेक्षक या तिसऱ्याचं बोट धरून चालतो, त्यामुळे सगळी मेहनत त्याच्यावर घ्या. असे दोन-तीन जण ठेवा. एक मालिकेच्या पहिल्या तृतीयांशात बदलतो, दुसरा अडखळत शेवटाकडे, तिसरा बदलतच नाही आणि त्याची किंमत मोजतो. बदलाच्या पायऱ्या वेगळ्या भागांत विभागा: शंका, कुणाशी तरी बोलणं, करून पाहणं, पडणं, आधार मिळणं, पुन्हा करणं. ‘पडणं’ ही पायरी गाळली तर प्रेक्षक म्हणतो, हे मालिकेतच होतं. आणि ‘बोलणं’ ही पायरी गाळली तर परिणामाचा मोठा हिस्सा जातो, कारण मालिकेमुळे नवरा-बायको किंवा मैत्रिणी त्या विषयावर आपसात बोलू लागतात तेव्हाच वागणं हलतं.

उपदेशाचं प्रमाण किती? कामचलाऊ नियम असा, की दहा दृश्यांपैकी मूळ कृतीला हात घालणारी तीनाहून जास्त नकोत, आणि पहिल्या दहा-बारा भागांत नुसती माणसं उभी करा. दूरदर्शनच्या १९८४-८५ च्या ‘हम लोग’ या १५६ भागांच्या मालिकेने हे अनुभवलं. सुरुवातीच्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा निरोप ठासून भरला होता, प्रेक्षक कंटाळले, मग निरोप सौम्य करून कथेला जागा दिली गेली आणि मालिका घराघरांत पोचली. प्रेक्षकांची चार लाखांहून जास्त पत्रं आली.

भागाच्या शेवटी समारोपाचं निवेदन ठेवायचं असेल तर ३० ते ४० सेकंद, विश्वासाचा चेहरा आणि एकच सूचना. पण आधी ती सेवा जागेवर आहे का ते पाहा. मेक्सिकोत १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेच्या मालिकेत मोफत पुस्तिका कुठे मिळतात ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या केंद्रावर हजारो लोक येऊन शहरातली वाहतूक अडली. हे यश म्हणून सांगतात, पण रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाच्या बाजूने पाहा. हेल्पलाइनचा क्रमांक देणार असाल तर प्रसारणानंतरच्या दोन तासांत नेहमीच्या अनेक पट माणसं फोनवर हवीत. एकदा लागला नाही तर तो माणूस पुन्हा फोन करत नाही.

सगळ्यात घातक बिघाड म्हणजे चुकीचं पात्र लाडकं होणं. अमेरिकेत १९७१ पासून चाललेल्या ‘ऑल इन द फॅमिली’मधला आर्ची बंकर हा वंशद्वेषावर टीका करण्यासाठी रचलेला होता. विडमर आणि रोकीच यांनी १९७४ मध्ये तपासलं तेव्हा दिसलं, की पूर्वग्रह असलेले प्रेक्षक त्याच्यावर हसत नव्हते, त्याची बाजू घेत होते. ‘हम लोग’मधली भागवंती ही सगळं सोसणारी आई इशारा म्हणून होती, तिला बऱ्याच प्रेक्षकांनी आदर्श मानलं. कारणं ठरलेली असतात: विरोधी पात्राला सगळी चटकदार वाक्यं मिळतात, चांगला नट त्याला मिळतो, त्याची किंमत शेवटच्या भागात एकदम चुकती होते आणि तोवर शंभर भाग तो जिंकतच असतो. सोसणाऱ्या पात्राला तर घरातले सगळे ‘तुझ्यासारखी तूच’ म्हणून गौरवतात, मग इशारा कुठून दिसणार? दुरुस्ती लिहितानाच करा. चुकीची किंमत दर आठ-दहा भागांनी थोडी थोडी चुकवायला लावा, आणि चांगल्या पात्राला विनोद, राग, चुका, सगळं द्या.

म्हणून चित्रीकरणाआधी संहितावाचन आणि पहिले तीन-चार भाग तयार झाल्यावर पुन्हा चाचणी. ‘आवडलं का?’ हे विचारू नका, सौजन्याने हो म्हणतात. विचारा: तुमच्या घरात कोण यायला आवडेल? भांडणात बरोबर कोण होतं? ती पुढे काय करेल? दहापैकी तीन-चार जण विरोधी पात्राला बरोबर म्हणाले तर कितीही खर्च झालेला असो, ट्रॅक पुन्हा लिहा.

आत्महत्या कथेत येणार असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठी दाखवू नये; मदत घेऊन सावरलेलं पात्र मात्र दाखवावं. डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्यांची वाढ दाखवून दिली होती. यात सर्जनशीलतेच्या नावाने सवलत घेऊ नये.

परिणाम मोजण्यात बहुतेक संस्था एकाच ठिकाणी घसरतात: मालिका पाहिलेल्यांना विचारतात, न पाहिलेल्यांशी तुलना करतात आणि फरकाला मालिकेचं श्रेय देतात. पण ज्यांना तो विषय आधीच पटलेला असतो तेच ती पाहतात. टांझानियात १९९३ मध्ये ‘ट्वेंडे ना वकाती’ ही कुटुंबनियोजनावरची रेडिओ मालिका सुरू झाली तेव्हा दोदोमा भागात ती मुद्दाम लावली नाही, तिथल्या प्रक्षेपकावर दुसरे कार्यक्रम चालू राहिले. दोन वर्षं तुलना झाली आणि १९९५ नंतर तिथेही मालिका सुरू केली गेली. म्हणूनच गर्भनिरोधनाच्या वापरातला फरक विश्वासार्ह ठरला. उलट उदाहरण अमेरिकेतल्या २००९ च्या ‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’ या किशोरवयीन मातांवरच्या टीव्ही कार्यक्रमाचं. किर्नी आणि लेव्हाइन यांनी किशोरवयीन मातांच्या जन्मदरातली ४.३ टक्के घट या कार्यक्रमाला जोडली, पण पुढे इतर संशोधकांनी दाखवलं की ज्या भागांत कार्यक्रम जास्त पाहिला गेला तिथे दराची वाट आधीपासूनच वेगळी होती.

प्रसारण थांबवता येत नसेल, तर निदान दोन टप्प्यांत करा: अर्ध्या भागात आधी, अर्ध्यात सहा-आठ महिन्यांनी. दोन्हीकडे प्रसारणाआधीची पाहणी हवीच, नंतर सुचून उपयोग नाही. एखादी गोष्ट करणाऱ्यांचं प्रमाण ५० वरून ६० टक्क्यांवर गेलं हे ओळखायला प्रत्येक गटात सुमारे ३९० माणसं लागतात. गावं किंवा वस्त्या निवडून त्यांतली माणसं घेतली तर शेजाऱ्यांची उत्तरं सारखी येतात, म्हणून ही संख्या दुप्पट धरा. प्रश्नावलीत मालिकेत नसलेल्या एका पात्राचं नाव घाला आणि ‘त्याचं तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारा. त्याच्याबद्दल खुशाल मत देणाऱ्यांची ‘पाहिली’ ही नोंद बाजूला काढा. आणि मत विचाराल तेव्हा जोडीला ‘तुमच्या आसपासच्यांना काय वाटतं?’ हेही विचारा. रवांडात हा दुसरा प्रश्न नसता तर सगळं काम निष्फळ म्हणून नोंदलं गेलं असतं.

लेखनाच्या खोलीत कोण बसतं याबद्दल थोडंच लिहितो. २०२४ पासून ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पात्रतेसाठी प्रतिनिधित्वाच्या चारपैकी दोन निकषांची पूर्तता लागते. ॲलिसन बेकडेल यांच्या १९८५ च्या चित्रपट्टीतून आलेली चाचणीही सगळ्यांना ठाऊक आहे: दोन स्त्रिया, एकमेकींशी, पुरुषाव्यतिरिक्त कशाबद्दल तरी बोलतात का? ही साधनं शंभर संहितांचा ढीग चाळायला उत्तम, एका संहितेचा निवाडा करायला निरुपयोगी. ज्या वर्गाबद्दल लिहायचं त्यातला माणूस सल्लागार म्हणून एका बैठकीला बोलावणं पुरत नाही. वनलाइन ठरताना तो हवा आणि ‘हे असं होत नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला करारात हवा.

आणि पैसे मोजकेच असतील तर प्रसिद्ध चेहऱ्यावर ते घालवू नका. गटचर्चा, चाचणी आणि पुनर्लेखन यांना एकूण खर्चाचा दहावा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवा, तोही निर्मात्याच्या नव्हे तर संस्थेच्या खात्यात. चित्रीकरण सुरू झालं की सगळ्यात आधी हेच पैसे दुसरीकडे वळवले जातात.